रास्प म्हणजे खरखरणे

इंग्रजीत एक क्रियापद आहे, रास्प. शिकलेल्यांना ते ठाऊक असेल. मला ते साठी उलटून गेल्यावर भेटलं, आणि भेटलं तेव्हा मी त्याच्याकडे पाहून हसले. त्या हसण्याचंच सांगायचं आहे, पण ते एकदम सांगता यायचं नाही. आधी शब्द घरात कसा आला ते सांगते.

मी शाळेत गेले चौथीपर्यंत. हिंगणीकडच्या आमच्या गावात पुढची शाळा नव्हती, आणि जंगलाच्या कडेकडेनं मुलीला रोज दुसऱ्या गावी कोण पाठवणार. पुढचं जे काही आलं ते कागदांवरून. किराणा बांधून आलेला कागद मी आधी वाचायची, मग चुलीत घालायची. मुलगा दहावीला होता तेव्हा त्याच्यासाठी एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली होती. तो पास होऊन तिच्यातून मोकळा झाला, मी अजून तिच्यातच आहे. तिचा पुठ्ठा कधीच गेला. सुटलेली पानं मी कणकेच्या खळीनं चिकटवते, त्यामुळे पावसाळ्यात तिला मुंग्या लागतात. दुपारची भांडी झाली की एक पान वाचायचं, असा माझा वर्षानुवर्षांचा नेम. बोलता येत नाही मला इंग्रजी. पण शब्द पुष्कळ ओळखीचे आहेत, जसे मोहल्ल्यातले लोक असतात, नाव माहीत, घर माहीत, बोलणं नाही.

आता आम्ही सिंदी मेघेला मुलाकडे राहतो. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर जातात, म्हणून नातीचा अभ्यास माझ्याकडे. ती तेव्हा सहावीत होती. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा केव्हाच पुढे गेलेलं, पण डिक्शनरी उघडायचं काम तिनं माझ्याकडे ठेवलं होतं. आजीला बरं वाटावं म्हणून ठेवलं असावं. मी ते कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी गणपती गेले होते आणि घट अजून बसायचे होते, त्या दिवसांतली गोष्ट. शाळेतून आली ती दप्तर न काढताच म्हणाली, मॅडमनं कानाला त्रास देणाऱ्या आवाजांची दहा क्रियापदं दिली आहेत, प्रत्येकाचा मराठी अर्थ लिहायचा आणि आपल्या घरातलंच उदाहरण घेऊन वाक्य करायचं. मला असा आनंद झाला की काय सांगू. आम्ही दोघी पलंगावर मांडी ठोकून बसलो आणि घरभराचे आवाज वेचायला लागलो. लोखंडी फाटक उघडताना क्रीक करतं, ते एक झालं. स्क्रीच तिच्या बापाच्या गाडीच्या ब्रेकला दिलं. क्लँग तर माझ्याच हातचं निघालं, मी भांडी घासायला टाकते तेव्हाचं. असं करत करत नऊ झाली. दहावं होतं रास्प.

डिक्शनरीत त्याचे दोन अर्थ दिले होते. पहिला, कानशीनं घासणे. दुसरा, खरखरणे, खरखरीत आवाजात बोलणे. कानस म्हटल्याबरोबर मला माझे वडील दिसले, ओट्यावर बसून विळ्याला धार लावणारे. त्या आवाजानं माझे दात कसेतरीच व्हायचे आणि मी कान दाबून आत पळायची. नातीला ते सांगितलं. ती म्हणाली, आपल्याकडे कानस नाही, मग वाक्य कशाचं करू.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आमच्या यांचा आवाज आला. "काऊन वं, कोनाचा हर्रास करून राह्यल्या दोघी?"

मी बोट दाराकडे केलं. म्हटलं, घे, हे तुझं उदाहरण, चालत-बोलत. नात हसली, मी हसले, हे दारात येऊन काय झालं म्हणून तेही हसले. मग तिनं लिहिलं, माय ग्रँडफादर रास्प्स व्हेन ही टॉक्स. माझे आजोबा बोलतात तेव्हा खरखरतात. खाली पालकांची सही लागत होती. ती मी केली, तारीख घालून, चांगल्या वळणदार अक्षरात. मॅडमनं त्या वाक्यावर बरोबरची खूण केली आणि बाजूला छान म्हणून लिहिलं. ती वही नातीपेक्षा मीच जास्त लोकांना दाखवली.

आता आमचे हे कोण, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हे हर्रास, म्हणजे लिलाव, बोलणारे. कापसाच्या, सोयाबीनच्या यार्डात अडतीच्या दुकानातर्फे माल पुकारायचा, व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून बोली चढवत न्यायची, एक वार, दोन वार, तीन वार करून सौदा तोडायचा, म्हणजे भाव पक्का करायचा, हे त्यांचं काम. चाळीस वर्षं केलं. आधी बैलगाडीच्या धुऱ्यावर चढून, मग ट्रॉलीवर चढून. यार्डाच्या फाटकाबाहेर चहा पिणाऱ्यालाही कळायचं की कोणाचा माल उभा आहे. आम्ही तेव्हा समुद्रपूरला राहायचो. मुलाकडे आलो तरी हंगामात पहाटेची एसटी धरून हे जातच राहिले.

हर्रास बोलणाऱ्याचा घसा हंगामात बसायचाच. दिवाळीत पहिला कापूस यायचा, आठ-पंधरा दिवसांत आवाज जायचा, आणि त्याचं कोणाला वाईट वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं. माल भरपूर येऊन राह्यला, माणूस मागणीतला आहे, असा त्याचा अर्थ. माझी धाकटी जाऊ दरवर्षी न चुकता विचारायची, "भासऱ्याचा घसा बसला का नाई, ताई? नसन बसला तं हंगाम खोटा." आणि मी अभिमानानं सांगायची की कालपासून बसला.

म्हणून आमच्या घराची एक रीत पडली होती. दिवाळीच्या पाडव्यापासून हंगाम उलगेपर्यंत यांनी घरी बोलायचं नाही. आवाज यार्डासाठी राखायचा. ही रीत मीच घातली, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, आणि मीच कडक पाळून घेतली. ताटावर बसले की वाटी वाजवायची. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की भाजी, आणि ताटावर वाटी खर्रकन ओढली की पुरे. मुलगा लहान होता तेव्हा त्याला वाटायचं सगळ्यांचे वडील हिवाळ्यात मुके होतात. रात्री हळद-दूध, सकाळी ज्येष्ठमधाचा तुकडा, हे माझं खातं. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांनी सोडला त्याला दहा वर्षं झाली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते.

हे मुके चार-पाच महिने गुढीपाडव्याला संपायचे. त्या दिवशी पहिली पुरणपोळी तव्यावरून उतरली की हे तिचा घरातल्या घरात हर्रास करायचे. पैशाची बोली नाही. मुलगा म्हणायचा, आठ दिवस गाडी पुसीन. सून म्हणायची, महिनाभर चहा मी करीन. नात एकदम दोन महिने पाय चेपण्यावर जायची. हे एक वार, दोन वार करत ताणत न्यायचे आणि शेवटी पोळी नेहमी मलाच सोडायचे. चार-पाच महिन्यांनी माणसाचा आवाज घरात यायचा तेव्हा भिंतीसुद्धा वेगळ्या वाटायच्या मला.

यंदाचा हंगामही तसाच गेला. दिवाळी झाली, यांनी बोलणं बंद केलं, वाटी सुरू झाली. जावेचा फोन आला, मी अभिमानानं उत्तर दिलं. थंडीत जरा बारीक दिसायला लागले. मी म्हटलं धावपळ आहे. गिळताना मान एका बाजूला करायचे. मी म्हटलं झोपेत मान धरली असेल. पाहा, मी प्रत्येक गोष्टीला एक अर्थ लावत होते, डिक्शनरी न उघडताच.

गुढीपाडव्याला पोळी उतरली. सगळे स्वयंपाकघरात जमले. यांनी पोळी उलथन्यावर उंच धरली आणि तोंड उघडलं.

जो आवाज निघाला त्याला मी काय म्हणू. बसलेला नव्हता तो. घोगरा म्हणावा तर घोगऱ्यात एक ऊब असते, आमच्याकडे वयात आलेल्या पोरांच्या आवाजाला घोगरा म्हणतात. चिरका नाही, भसाडा नाही. लोखंडावर कानस ओढावी तसा. माझे दात तसेच झाले जसे ओट्यावरच्या विळ्यानं व्हायचे. "एक वार" एवढं निघालं, "दोन" वर हवाच आली. पोळी त्यांनी माझ्या ताटात ठेवली आणि बाहेर जाऊन बसले. बोली कोणी लावलीच नव्हती.

तरीही आम्ही आठ दिवस थांबलो. यंदा जास्त बसला, उतरेल, असंच सगळे म्हणत राहिले. मग मुलानं काही न विचारता सुटी टाकली आणि आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत होत्या. नळी घालून आत पाहिलं, स्क्रीनवर आम्हालाही दाखवलं. स्वरयंत्राच्या एका बाजूला पांढरट खडबडीत काहीतरी होतं, फणसाच्या सालीसारखं. तुकडा तपासायला पाठवावा लागेल म्हणाल्या. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "आवाज असा कधीपासून आहे?"

साधा प्रश्न. आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो होतो, एकाच घरातली माणसं. मी म्हटलं, दिवाळीपासून, हंगामाचा आहे. मुलगा म्हणाला, होळीच्या आसपास बिघडला असेल. यांनी नुसते खांदे उडवले. डॉक्टर बाई म्हणाल्या, रोज घरी बोलतात ना, तुम्हाला नक्की सांगता येईल. मुलानं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात पाच महिने यांना कोणी ऐकलेलंच नाही, आणि ते माझ्याच हुकमानं, हे त्या बाईंना कोणत्या तोंडानं सांगायचं.

त्यांनी कागदावर दिवाळी लिहिलं.

परत येताना ऑटोत मला ते वाक्य आठवलं. माय ग्रँडफादर. मी दिवाळीपासूनचा विचार करत होते आणि ती वही तर घट बसायच्या आधीची. हंगाम सुरू नव्हता. एकही ट्रॉली यार्डात आली नव्हती. हे घरी होते, आराम करत होते, रोज बोलत होते. मग खरखर कशाची होती?

घरी येऊन चप्पल न काढता मी नातीच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा सोडला. रद्दीत द्यायला बांधून ठेवला होता. वही सापडली. पान सापडलं. खाली माझी सही, माझ्या हातची तारीख, वळणदार अक्षरात. मी शब्द शोधला होता, त्याचा अर्थ वाचला होता, नवऱ्याकडे बोट दाखवून त्याचा उपयोगही बरोबर सांगितला होता. एवढं करून मला ऐकू आलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी वही पदराखाली धरून बसले होते. ही तारीख डॉक्टरांना सांगितली तर काय बदलेल, न सांगितली तर काय अडेल, याचाच विचार. खरं सांगायचं तर एकदा असंही मनात आलं की गठ्ठा पुन्हा बांधावा. कोणाला कळणार होतं.

दिवे लागल्यावर हे जेवायला बसले, तेव्हा मी यांच्यापुढे वही धरली. त्यांना इंग्रजी येत नाही, मी मराठीत अर्थ सांगितला. म्हटलं, हे मी सांगितलं होतं पोरीला, तुमच्याच तोंडावर, आणि हसले होते. सही पाहा माझी.

मला वाटलं वाटी वाजवतील, नाहीतर हात हलवतील. ते बोलले.

"मले पोळ्यापासूनच मालूम होतं."

मग थांबत थांबत, पाण्याचा घोट घेत त्यांनी सांगितलं. पोळ्याला धाकट्या भावाकडे गेले होते, बैलाला हाक मारायला गेले तर आवाज मधेच तुटला. तेव्हापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं. घरी सांगितलं तर पोरगा दवाखान्यात नेईल, हंगाम हातचा जाईल. दुकानाच्या मालकानं भोंगा आणून टांगलाच होता, एखाद्या जवान पोराच्या हाती माईक देऊन टाकला असता. दिवाळीपर्यंत कसंतरी निभवलं, मग तर सोपंच झालं, यार्डात बसलेल्या घशाचं कोणाला नवल नव्हतं.

"दिवाळी लागली का या घरात मले कोनी आयकतच नाई," म्हणाले. "मंग लपवाले काय मेहनत लागते?"

मला राग आला. चाळीस वर्षं मी ज्या रीतीला त्यांची काळजी समजत होते तिच्याआड ते जाऊन बसले होते. मी तोडून बोलले त्यांना, जे बोलू नये ते बोलले. ते ऐकून घेत राहिले. मग त्यांनी ताटावरची वाटी धरली आणि खर्रकन ओढली. पुरे. मी ती वाटी हातातून घेतली आणि मोरीत फेकली. क्लँग, आमच्या वहीतलं. नात दारात उभी होती.

दुसऱ्या खेपेला तुकड्याचा रिपोर्ट आला होता. कॅन्सर. मी वही सोबत नेली होती, पिशवीत, रिपोर्टांच्या पाकिटाखाली. बाईंना सांगितलं की दिवाळी चुकीची लिहिली आहे, खोडा, पोळ्यापासूनचं आहे. आणि पान उघडून पुढे केलं. त्यांनी वाक्य वाचलं, तारीख पाहिली, सही पाहिली. कोणाची म्हणून विचारलं, मी माझी म्हटलं. त्यांनी कागदावरची दिवाळी खोडून पोळा लिहिला. म्हणाल्या, "आजी, आवाज तीन आठवड्यांत सुधरला नाही तर दाखवायचं असतं. या वहीच्या वेळी आला असता तर..." आणि तिथंच थांबल्या. चांगल्या होत्या म्हणून थांबल्या. पण शब्दांत आयुष्य काढलेल्या बाईला अर्ध्या वाक्याचं उरलेलं अर्धं दिसतंच.

रेडिएशनचे शेक सुरू झाले. आठवड्याचे पाच दिवस, उन्हाळाभर. गळ्याची कातडी काळी पडली, पेजही गिळवेना. आषाढात शेक संपले. आता आतली गाठ दिसत नाही म्हणतात, पण नक्की दसऱ्यानंतरच्या तपासणीत कळेल. परत आली तर स्वरयंत्रच काढावं लागेल, म्हणजे आवाजच काढावा लागेल. हे मुलानं मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. यांना दवाखान्यातच कळलं होतं. जावेचा फोन येतो, पण ती आता घशाचं विचारत नाही, पावसाचं विचारते. यार्डात येत्या हंगामाला भोंग्यावर कोणीतरी दुसरा उभा राहणार आहे.

घरात आता नवी रीत आहे, तीही मीच घातली. मुकं राहायचं नाही. पाणी हवं तर तोंडानं मागायचं, भाजी हवी तर भाजी म्हणायचं, कसाही निघो आवाज. वाटीत फक्त वरण. पहिले काही दिवस ते चिडले. एवढ्या वर्षांची सवय, हात आपोआप वाटीकडे जायचा. मी वाटी लांब सरकवायची.

नातीला म्हटलं होतं, ते वाक्य खोडून टाकू. ती आता सातवीत गेली. म्हणाली, मॅडमनं बरोबर दिलं आहे, बरोबर असलेलं खोडत नसतात. मग त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी लिहायला लागले. रोज एक ओळ. तारीख, आणि आज आवाज कसा होता. डॉक्टर बाईंनी पुन्हा विचारलं तर कोणाच्या तोंडाकडे पाहायला नको. घोगरा लिहायचा की खरखरीत, चिरका की नुसता थकलेला, यासाठी मी त्यांना नीट ऐकते. कधी कधी शब्द सापडत नाही म्हणून डिक्शनरीही उलटी-सुलटी करते. एवढ्या बारकाईनं मी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही ऐकलं नसेल.

काल संध्याकाळी जेवायला बसले आणि पाणी म्हणाले. तांब्या माझ्या हातातच होता. मी ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून पोळीला तूप लावत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं मी काय करते आहे ते.

"अवं, पानी देतं का नाई," ते म्हणाले.

मी पाणी दिलं. मग हात पुसून वहीत लिहिलं, आज पाणी दोनदा मागितलं. दुसऱ्यांदा खरखर जास्त.